माळ्यावरचं पितळ आणि आजोबांची पुंगळी: ड्रममध्ये काय घालावं, काय घालू नये

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही जुळे सोलापुरात राहायला आलात. गावातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावरून पन्नासएक पितळी नग निघाले: हंडे, घागरी, दोन पराती, तांबे-फुलपात्रं, तीन समया, निरांजनं, एक घंटा, देवघरातल्या दोन मूर्ती. शिवाय तोफखान्यात असलेल्या आजोबांनी आणलेली गोळ्याची रिकामी पितळी पुंगळी, जिच्यात आजी मोरपिसं ठेवायच्या. तुमच्या चुलतभावाने व्हिडिओत पाहिलं की अमेरिकेतले नेमबाज काडतुसांच्या वापरलेल्या पुंगळ्या ड्रममध्ये बारीक स्टीलच्या काड्यांबरोबर फिरवतात आणि तासा-दोन तासांत त्या सोन्यासारख्या होतात. तेव्हा आपलंही सगळं पितळ असंच एकदम फिरवून घेता येईल का, कुठलं ॲसिड घालायचं आणि किती वेळ, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी देतो: निरांजनं, अडणी (भांडं किंवा शंख ठेवायची छोटी बैठक), जाड बुडाचे लहान नग ड्रममध्ये चालतील. हंडे-घागरी, समया, घंटा चालणार नाहीत. मूर्ती आणि आजोबांची पुंगळी तर अजिबात नाही. ॲसिडच्या बाटलीला हात लावायची गरजच नाही, लिंबूसत्त्व पुरेसं आहे. का, ते आता सविस्तर सांगतो.

माझे वडील इथे सोलापुरातच मधल्या मारुतीजवळ कल्हईचं आणि झाळकामाचं, म्हणजे धातू वितळवून सांधे-चिरा जोडायचं काम करायचे. मी एमआयडीसीत पॉलिशिंगचा छोटा कारखाना चालवतो, आता तीस वर्षं होऊन गेली. सुरुवातीला लूमचे बुश, नळाचे आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग असायचे. पुढे घरची जुनी भांडी आणि देवळातली पितळी कामं यायला लागली. गड्ड्याच्या यात्रेआधी आणि दिवाळीआधी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. एवढ्या वर्षांत मी जितकं पितळ चमकवलं, त्याहून जास्त वेळ लोकांनी बिघडवलेलं पितळ सावरण्यात गेला. म्हणून हे इतकं लांबवून लिहितोय.

पुंगळीपासून सुरू करतो, कारण तिथे चूक झाली तर ती फक्त भांड्याची राहत नाही. घासायला घेण्याआधी ती उजेडात उलटी करून बुड बघा. बुडाच्या मधोमध गोल बत्ती असते, प्रायमर म्हणतात तिला. गोळा उडवलेला असेल तर त्या बत्तीवर ठोक्याचा खड्डा स्पष्ट दिसतो, किंवा बत्ती काढून टाकलेली असते आणि तिथे आरपार भोक असतं. पुंगळी आतून रिकामी आणि बुडाला खड्डा किंवा भोक असेल तरच पुढचं वाचा. बत्ती सपाट असेल, आत काही भरलेलं वाटत असेल किंवा तोंडावर अजून काही बसवलेलं असेल, तर ती हलवू नका, तापवू नका, घरात कुणाला हाताळू देऊ नका. ११२ ला फोन करा आणि पोलिसांना बघू द्या. पन्नास वर्षं घरात पडून होती म्हणजे ती निरुपद्रवी झाली, असं होत नाही.

आणि चुलतभावाला एवढं सांगा की तो व्हिडिओ पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठी साफ करणाऱ्यांचा आहे. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. साफ करण्याची पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे, कारण त्या लोकांना पितळाची नस फार चांगली माहीत आहे. पुंगळीचं पितळ तापतं, फुगतं, आकसतं, आणि साफ करताना ते कमकुवत झालं तर पुढच्या वेळी फुटतं. म्हणून ते चमकेपेक्षा धातूची काळजी जास्त करतात. आपल्या हंड्यांच्या बाबतीतही हेच हवं.

आता पितळाविषयी थोडं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पुंगळीच्या पितळात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. ताणून, दाबून आकार देण्यासाठी हे प्रमाण फार चांगलं. चकती कापायची, साच्यात दाबून वाटी करायची, पुन्हा दाबायची, मध्येमध्ये तापवून नरम करायची, असं करत तिची लांब नळी होते. पत्र्याचा हंडा ठोकून घडवतात तेव्हाही पितळाला असंच ताणलं-दाबलं जातं. समई, घंटा, मूर्ती ही ओतीव कामं, त्यांचं मिश्रण वेगळं. ओतीव पितळात शिसंही बऱ्याचदा असतं. घंटा तर अनेकदा काशाची असते, म्हणजे तांबं आणि कथील. ती कडक आणि ठिसूळ, ड्रममध्ये दुसऱ्या नगावर आपटली की कडेला टवका उडतो.

ताणून-ठोकून घडवलेल्या पितळात एक गोष्ट दडलेली राहते: ताण. वरून काही दिसत नाही, पण आतून पत्रा ओढलेला असतो. याची एक जुनी हकिकत आपल्या देशातलीच आहे. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात लष्करी हालचाली कमी व्हायच्या, तेव्हा काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवून द्यायचे. पाऊस संपल्यावर काढली तर बऱ्याच पुंगळ्या उभ्या चिरलेल्या. कुणी हात लावला नाही, आपटल्या नाहीत, तरी चिरा. कारणाचा नीट उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी केला: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, सोबत दमट हवा, आणि पितळात राहिलेला ताण. हे तिन्ही एकत्र आले की अमोनिया तांब्याला धरून विरघळवतो आणि ताण त्या जागी पत्रा उसवतो. उपाय म्हणून पुंगळ्या घडवल्यावर ताण जाईल इतक्या तापवायला लागले. लष्करी बंदुकीच्या पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते ना, ती याच तापवण्याची खूण. कुणी ती घाण समजून घासून काढू नये.

हे सगळं सांगण्याचं कारण आपल्या घरातच आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी एक गृहस्थ हंडा घेऊन आले. मानेला बारीक चीर, बोटभर लांब, चिरेच्या दोन्ही कडांना निळसर हिरवी रेघ. म्हणाले, पडला नाही, आपटला नाही. मी विचारलं, ठेवला कुठे होता? शेतातल्या खोलीत, खताच्या पोत्यांजवळ. युरियाची पोती होती, एक फाटलेलं. युरियाला ओल लागली की त्यातून हळूहळू अमोनिया सुटतो. हंड्याची मान ही सगळ्यात जास्त वळवलेली, ठोकलेली जागा. चीर नेमकी तिथेच गेली. मी ती चीर झाळून दिली, पण दोन महिन्यांत शेजारी दुसरी दिसली. तो हंडा वाचला नाही.

म्हणून तुमचे हंडे-घागरी घासायच्या आधी मानेवरून आणि बुडाच्या वळणावरून नख फिरवा. नख कुठे अडकलं तर तो नग बाजूला काढा. चिरलेल्या भांड्याला आम्लात बुडवलं की आम्ल चिरेत शिरतं आणि तिथून बाहेर येत नाही. पुढे ठेवतानाही गोठा, खताची पोती, बाथरूमला लागून असलेली कपाटं टाळा. बाजारातल्या काही पातळ पॉलिशमध्ये अमोनिया असतो. झाकण उघडल्याबरोबर नाकाला झोंबतो. ओतीव समईला एखाद्या वेळी लावून लगेच धुतलं तर फारसं बिघडत नाही, पण पत्र्याच्या घडीव भांड्याला मी ते वापरत नाही.

आता मळाकडे येऊ. सगळं काळं एकसारखं नसतं, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. समईवरचा काळा थर तेलाचा असतो, वर्षानुवर्षं जळून राळेसारखा झालेला. घागरीच्या बाहेरचा तपकिरी-काळा थर हवेने आलेला असतो. हंड्याच्या आतला पांढरा खरखरीत थर पाण्यातल्या क्षारांचा. आणि सांध्यात, काठाच्या वळणात हिरवं असतं तो कळंक. तेलाच्या थरावर आम्ल चढत नाही, ते घसरून जातं. जिथे तेल नाही तिथे मात्र खातं. मग भांड्यावर वाघासारखे पट्टे उठतात आणि लोक म्हणतात लिंबूसत्त्व वाईट.

आपल्या आज्या आधी राखेने घासायच्या आणि मग चिंच लावायच्या. तुराट्यांची, बाभळीची राख क्षारयुक्त असते, ती तेल धरते. चिंचेतलं आम्ल काळपटपणा काढतं. क्रम बरोबर होता. मीही तोच ठेवतो, फक्त राखेच्या जागी धुण्याचा सोडा. बादलीभर गरम पाण्यात मूठभर सोडा, त्यात समई अर्धा तास बुडवून ठेवायची आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने घासायची. वातीच्या घरातला थर एका वेळेत निघाला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, पण चाकूने खरवडू नका. बुडवण्याआधी समईचा दांडा वाजवून बघा. भद्द आवाज आला तर आत राळ किंवा लाख भरलेली असू शकते; मग गरम पाणी वापरू नका, नाहीतर भरलेलं वितळून सांध्यातून गळतं. अशी समई कोमट पाण्याच्या फडक्यानेच पुसा.

याच वेळी लोहचुंबकही लावून बघा. चिकटला तर ते लोखंडावर चढवलेलं पितळाचं पाणी आहे, त्याला आम्ल आणि ड्रम दोन्ही वर्ज्य.

तेल गेलं, साध्या पाण्याने धुतलं, की मग लिंबूसत्त्व. माझं प्रमाण: दहा लिटर पाण्याला १०० ते १५० ग्रॅम, आणि भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक चमचा. पाणी हात बुडवल्यावर सोसवेल इतपत गरम. बादली प्लास्टिकची. पाच ते आठ मिनिटं, आणि दर दोन मिनिटांनी नग उचलून बघायचा. काळपट जाऊन फिका, मंद पिवळा रंग आला की बाहेर. त्या वेळी भांडं चकाकत नाही, आणि चकाकण्याची वाटही बघायची नाही. आम्लाने मळ निघतो, चमक घासण्यानेच येते. चमक येईपर्यंत बुडवून ठेवलं की भांडं गुलाबी होतं.

हा गुलाबी रंग नीट समजून घ्या, कारण तुमच्या घरात पितळ बिघडलं तर असंच बिघडेल. एक कारण असं की आम्लाने पितळातलं जस्त आधी निघून जातं आणि वर नुसतं तांबं उरतं. रात्रभर चिंचेच्या पाण्यात, व्हिनेगरमध्ये ठेवलेल्या भांड्याचं हेच होतं. पृष्ठभाग सच्छिद्र होतो, बोट फिरवलं की किंचित खरखरीत लागतो. हे परत येत नाही. दुसरं कारण साधं आणि दुरुस्त होणारं आहे: आम्लाच्या पाण्यात लोखंड आलं. लोखंडी घमेलं, तारेची घासणी, एखादा गंजका खिळा. पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडाच्या संगतीने परत पितळावर येऊन बसतं. काम सुरू केलं त्या वर्षी मी एका देवळाची साठ निरांजनं लोखंडी घमेल्यात बुडवली होती. दहा मिनिटांत सगळीच तांब्याची दिसायला लागली. थर पातळ होता, घासून निघाला, पण साठ निरांजनं हाताने घासायला मला आणि वडिलांना दोन रात्री लागल्या. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लास्टिकचे दोन टब आणून ठेवले.

चिंच वापरायला माझी हरकत नाही. कोळ घट्ट असतो, लावाल तिथे राहतो, त्यामुळे मूर्तीसारख्या नाजूक कामाला तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यापेक्षा बरा. फक्त चिंचेत मीठ घालू नका. मिठाने काम झटपट होतं हे खरं, पण मिठाचा अंश बारीक छिद्रांत आणि सांध्यांत राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच हिरवं फुटायला लागतं. घासायला पीतांबरीसारखी तयार पावडर किंवा खडूची पूड घ्या, मऊ सुती फडक्याने. विटेचा भुगा आणि वाळू नको. त्या पितळाहून कितीतरी कठीण, प्रत्येक घासण्यात बारीक ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत मळ आणखी लवकर धरतो. संडास साफ करायचं ॲसिड किंवा तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड, तर घरात या कामासाठी आणूच नका. तेजाब पितळावर पडलं की तांबूस धूर निघतो, आणि तो धूर छातीत गेल्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून माणसाला धोका त्याच वेळी कळत नाही.

आता ड्रम, ज्यासाठी तुम्ही मुळात विचारलं. आमच्याकडे सहा बाजूंचा, आतून रबर लावलेला ड्रम आहे. त्यात पाणी, थोडं लिंबूसत्त्व, साबण आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक काड्या, जाडीला मिलिमीटरभर आणि लांबीला पाच-सहा मिलिमीटर. त्या काड्या निरांजनाच्या कोपऱ्यात, अडणीच्या जाळीत शिरतात, जिथे ब्रश जात नाही. काड्या साध्या लोखंडाच्या निघाल्या तर वर सांगितलेला गुलाबी रंग नक्की, म्हणून घेतानाच चुंबक लावून बघतो; चांगल्या स्टेनलेसला चुंबक धरत नाही किंवा अगदी नावाला धरतो. ड्रम निम्म्याहून थोडाच जास्त भरायचा आणि हळू फिरवायचा. कान लावून ऐकलं तर सळसळ आली पाहिजे, पावसात पत्र्यावर बारीक सरी पडतात तशी. खडखड आली म्हणजे नग एकमेकांवर पडताहेत, वेग कमी करा. मी घरच्या नगांना चाळीस मिनिटांपेक्षा जास्त देत नाही. नेमबाज लोक पुंगळ्या कितीतरी जास्त वेळ फिरवतात, पण त्यांचाही अनुभव आहे की फार वेळ झाला की पुंगळीच्या तोंडाची कड ठोकली जाऊन जाड होते. फुलपात्राच्या काठाचं तेच होईल. शिवाय फुलपात्रं एकात एक अडकतात आणि मग ती सोडवताना पोचे पडतात.

दुसरी पद्धत कोरडी. मक्याचे दाणे काढल्यावर उरतं त्या बुरकुंडाचा चुरा किंवा अक्रोडाच्या कवचाचा चुरा ड्रममध्ये घालून दोन-तीन तास फिरवायचं. अक्रोडाचा चुरा मळ काढतो, बुरकुंडाचा चुरा पुसतो आणि ओल शोषतो. मी ओलं काम झाल्यावर शेवटची वीस मिनिटं बुरकुंडाच्या चुऱ्यात देतो. पण कोरड्या कामाची धूळ उडते आणि त्या धुळीत पितळातलं शिसं असतं. पुंगळ्यांच्या बाबतीत बत्तीच्या दारूतलंही शिसं येतं. झाकण घट्ट लावून फिरवा, उघडताना अंगणात उघडा, नाका-तोंडाला नीट मास्क लावा, नंतर साबणाने हात धुवा. घरात लहान मूल असेल तर कोरडी पद्धत करूच नका.

हे सगळं करून झाल्यावर भांडं खराब होतं ते धुण्यात. आमचं बोअरचं पाणी बघा, बादली वाळली की तळाशी पांढरा थर उरतो. आम्लातून काढलेलं भांडं या पाण्याने धुऊन उन्हात वाळत ठेवलं की प्रत्येक थेंबाचा एकेक गोल डाग बसतो, आणि चार दिवसांत त्या डागाभोवती काळं कडं येतं. माझा क्रम असा: आधी साध्या पाण्याने दोनदा, मग चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यातून एकदा, म्हणजे राहिलेलं आम्ल मरतं, आणि शेवटी शुद्ध केलेल्या, आरओच्या पाण्यातून. आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी यासाठी वापरू नका, त्यात क्षार नळाच्या पाण्याहूनही जास्त असतात. नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा हे पाणी जपून वापरायची सवय चांगलीच, पण ते फरशीला वापरा. धुतल्याबरोबर सुती फडक्याने पुसायचं, काठाच्या वळणात फडक्याचं टोक घालून पुसायचं, आणि मग तासभर उन्हात उलटं ठेवायचं. काठाच्या वळणात पाणी राहतं आणि सगळं हिरवं तिथूनच सुरू होतं.

वापरलेलं आम्लाचं पाणी निळसर-हिरवं होतं. त्यात तांबं, जस्त आणि थोडं शिसं उतरलेलं असतं. ते तुळशीला, परसातल्या झाडांना घालू नका. घरच्या एक-दोन बादल्यांपुरतं खायचा सोडा घालून, फेस थांबेपर्यंत, आणि मग भरपूर पाण्याबरोबर ड्रेनेजमध्ये सोडा. उघड्या गटारात किंवा मातीत नको.

तांबे-फुलपात्रं, पराती परत वापरायच्या असतील तर आतून कल्हई करून घ्या. आंबट पदार्थ उघड्या पितळात कळकतो, ताक-वरण त्यात ठेवूच नये. कल्हईवाल्याला फक्त एक विचारा: कथील शुद्ध आहे का. स्वस्तात शिसं मिसळलेलं झाळणीचं कथील मिळतं, ते खाण्याच्या भांड्याला चालत नाही. आणि कल्हई झाल्यावर भांडं गरम पाण्याने दोन-तीनदा नीट धुवा. कल्हईत नवसागर टाकतात, भांडं तापल्यावर पांढरा धूर येतो तो त्याचाच. त्याचा अंश सांध्यात राहिला तर ओल लागून हिरवं होतं, आणि त्यात अमोनियाही आहेच. वडील कल्हई केलेलं प्रत्येक भांडं धुतल्यावर सांध्याजवळ नाक नेऊन वास घ्यायचे. तेव्हा मला ते कळायचं नाही.

शोभेच्या नगांना पातळ मेणाचा हात द्या. मधमाश्यांचं मेण किंचित गरम करून फडक्याने चोळलं की पुरतं. खोबरेल तेल लावू नका. आठवडाभर छान दिसतं, मग चिकट होतं, धूळ धरतं आणि सहा महिन्यांनी पुन्हा सोड्यात बुडवायची वेळ येते.

आता ज्याच्यासाठी मी ड्रमला नाही म्हणतोय ती खरी गोष्ट. तुमच्या हंड्यांवर आणि तांब्यांवर नावं असणार. आपल्याकडे लग्नात, बारशाला भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालून द्यायची पद्धत होती. बारीक छिन्नीने टिंब टिंब ठोकून काढलेली अक्षरं. गेल्या वर्षी एक घागर आली, काठाखाली नुसता काळा पट्टा. सोड्याने धुतली, चिंच लावली, आणि पट्ट्यातून अक्षरं वर यायला लागली: कुणाच्या लग्नात, कुठल्या मामाकडून, आणि साल १९५८. घागर आणणाऱ्या बाईंनी ती अक्षरं वाचली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या आईचं लग्न होतं ते. ती घागर बफिंगच्या चाकाला लावली असती तर पाच मिनिटांत आरशासारखी झाली असती आणि नाव गेलं असतं. चाक पितळ खातं, ड्रमही खातो. एका वेळी थोडंच खातो, पण टिंबांची खोलीच मुळात थोडी असते. मूर्तीचंही तसंच. डोळे, नाक, बोटं ही आधीच पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुजेने झिजलेली असतात.

म्हणून घासायला बसण्याआधी एक काम करा. प्रत्येक नगाचा काठ, बुड, कडीची जागा ओल्या फडक्याने पुसून बघा. जिथे अक्षरं आहेत असं वाटेल तिथे पातळ कागद धरून त्यावरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, अक्षर कागदावर उतरतं. मोबाइलवर तिरक्या उजेडात फोटोही काढा. मग त्या पट्ट्यावर फक्त चिंचेचा कोळ आणि फडकं, पावडरसुद्धा नको.

तुमच्या आजोबांच्या पुंगळीच्या बुडावरही असंच आहे. तिथे ठोकलेली अक्षरं, आकडे, बहुधा सालसुद्धा असेल. ती कुठल्या तोफेची, कुठे आणि कधी तयार झाली याची ती ओळख आहे, आणि आजोबांच्या नोकरीचा काळ जुळवायला घरात दुसरा कागद नसेल तर हाच पुरावा. तिला कोमट साबणाचं पाणी, मऊ ब्रश, हातमोजे, एवढंच द्या. आत काळं असेल ते जळलेल्या दारूचं आहे. ओल्या फडक्याने पुसून काढा, कोरडं खरवडू नका, आणि फडकं नंतर टाकून द्या. बाहेरचा तपकिरी रंग तसाच राहू दे. तो मळ नाही, तेवढी वर्षं हवेत राहिल्याची झाक आहे, आणि तोच थर खालच्या धातूला जपतो. बुडाच्या अक्षरांत हिरवं दिसलं तर लाकडी दातकोरणीच्या टोकाने हलकेच काढा, सुई किंवा टाचणी वापरू नका. तोंडाच्या कडेला नख फिरवून चीर बघायला विसरू नका.

रविवारी सुरुवात करणार असाल तर पहिल्या दिवशी फक्त वेगळं करायचं काम करा: ओतीव, घडीव, नाव असलेलं, चीर असलेलं. निरांजनं आणि अडणी मोजून एका पिशवीत बांधा, ड्रममध्ये फक्त तीच जातील. समया सोड्यात. हंडे-घागरी एकेक करून, घाईने एका दिवसात सगळे काढू नका. लिंबूसत्त्वाचं पाणी तीन-चार नगांनंतर बदलावं लागतं. आणि मोरपिसं परत पुंगळीतच ठेवा, कोरडीच. पाणी घालून फुलं ठेवायचा मोह झाला तरी नको, बुडाच्या सांध्यात ओल राहते आणि पितळ तिथूनच आतून जायला लागतं.